पाळण्यापाशी बसलेली एद्मा : बर्थ मोरिसोचं एक चित्र

रानजाई :

मातृदिन आला की एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच चित्रकार बर्थ मोरिसो हिचं 'पाळणा' हे चित्र हमखास फिरायला लागतं. सोबत ममता, वात्सल्य, निरागसता हे शब्द असतातच. त्यात खोटं काही नाही. पण चित्रातली बाई कोण होती आणि तिला रंगवणारी कोण होती हे एकदा कळलं की 'किती गोड' म्हणून पुढे जाववत नाही. माझं तरी तसं झालं, म्हणून हा धागा.

आधी चित्रात काय दिसतं ते. १८७२ सालचं तैलचित्र, साधारण ५६ सेंमी उंच आणि ४६ सेंमी रुंद. डावीकडे गडद कपड्यातली तरुण स्त्री, गळ्यात काळी रिबीन. उजवीकडे पाळणा आणि त्यावरून खाली सोडलेला तलम, जाळीदार पांढरा पडदा. बाळ पडद्याच्या आत झोपलं आहे. त्या स्त्रीचा डावा हात कोपरात दुमडलेला, तळवा गालाशी. उजवा हात पाळण्याच्या कडेला, पडद्यापाशी. बाळाचाही एक हात तसाच दुमडून डोक्याशी आलेला. आईच्या डोळ्यांपासून बाळाच्या मिटलेल्या डोळ्यांपर्यंत एक तिरकी रेघ जाते आणि मागच्या खिडकीचा पडदा त्याच दिशेने कललेला आहे. सगळं चित्र या एका तिरक्या रेघेवर उभं आहे.

ही स्त्री म्हणजे एद्मा, बर्थची सख्खी बहीण. बाळ म्हणजे एद्माची दुसरी मुलगी ब्लांश, डिसेंबर १८७१ मध्ये जन्मलेली.

आता खरी गोष्ट. एद्मा स्वतः चित्रकार होती. हौस म्हणून फुलं रंगवणारी नव्हे, रीतसर शिकलेली. एद्मा १८३९ची, बर्थ १८४१ची. दोघी बहिणी एकत्रच शिकल्या. झोझेफ गिशार नावाचे शिक्षक त्यांना पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात जुन्या चित्रांच्या नकला करायला नेत. पुढे त्या कोरो या चित्रकाराकडे निसर्गचित्रण शिकल्या. उघड्यावर, झाडाखाली बसून रंगवायचा नाद दोघींना कोरोमुळे लागला. १८६४ च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी वार्षिक प्रदर्शनात, दोघींची चित्रं निवडली गेली आणि त्यानंतरची काही वर्षं दोघी तिथे मांडत राहिल्या. गिशारनी फार आधीच त्यांच्या आईला बजावलं होतं, की या मुली नुसत्या शिकलेल्या घरंदाज मुली राहणार नाहीत, चित्रकार होतील, आणि तुमच्या समाजात ती क्रांती असेल, जवळजवळ आपत्तीच. आईने तरीही शिकवणी चालू ठेवली. या बाईंबद्दल मला फार आदर वाटतो.

१८६९ मध्ये एद्माचं लग्न नौदलातल्या आदोल्फ पोंतियों या अधिकाऱ्याशी झालं. ती ब्रिटनीच्या किनाऱ्यावर लोरियाँला गेली आणि तिचं चित्रं काढणं जवळजवळ थांबलं. कोणी मनाई केल्याचं कुठे वाचनात नाही. घर होतं, नवरा होता, मग मुलं झाली, थांबलं. लग्नानंतर लगेचच्या पत्रांतून ती बर्थला कळवते की मी मनाने तुझ्याबरोबर तुझ्या स्टुडिओत असते, पाव तास का होईना निसटून यावं आणि इतकी वर्षं आपण ज्या हवेत जगलो ती हवा घ्यावी असं वाटतं.

मला या चित्राकडे पुन्हा पुन्हा नेतो तो हा पाव तास. १८७२ मध्ये एद्मा पाळण्यापाशी बसली आणि समोर बर्थने ईझल मांडलं. बारा-एक वर्षं शेजारी शेजारी रंगवणाऱ्या दोघींपैकी एक आता रंगवत होती आणि दुसरी रंगवून घेत होती. गालाशी टेकलेल्या हातात पूर्वी ब्रश असायचा हे रंगवणारीला माहीत होतं. एद्माच्या चेहऱ्यावर प्रेम आहे, थकवाही आहे. तिसरं काहीतरी आहे त्याला मी 'विचार' म्हणेन. ती बाळाकडे बघते आहे खरी, पण बघण्यात गुंग झालेली नाही. चित्रकाराची नजर एकदा लागली की ती जात नाही. पडद्यातून गाळून आलेला उजेड बाळाच्या गालावर कसा पडला आहे, हेही ती बघत असेल असं मला ठामपणे वाटतं.

बर्थ पुढे या प्रकारातली मोठी चित्रकार झाली. घरातली, बागेतली, आरशापुढची, दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांची चित्रं तिने आयुष्यभर केली. पण माझ्या मते तिच्या कामाचं मूळ या छोट्या चित्रात आहे आणि ते बहिणीच्या थांबलेल्या कामाशी जोडलेलं आहे.

तुम्हाला हे चित्र कसं दिसतं?

तळेगावकर :

सुंदर लिहिलंय. पण मी थोडा विरोध नोंदवतो.

चित्राखाली नाव झाकलं, एद्मा-बर्थची गोष्ट काढून टाकली, तर 'थांबलेलं काम' कुठे दिसतं? मला दिसत नाही. मला एक बाई आणि तिचं मूल दिसतं आणि तेवढ्यावर चित्र उत्तम उभं राहतं. चरित्र वाचून आलो की आपण चेहऱ्यावर हवं ते वाचतो. तिच्याच काळातल्या मोने या चित्रकाराच्या सूर्योदयाच्या चित्रापुढे त्याची कर्जं कोणी मोजत नाही. बाईने काढलेल्या चित्राला मात्र घरातली गोष्ट लागते. यात तिच्यावर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं.

कुंचला :

मी तैलरंगात काम करतो आणि शिकवतोही, त्यामुळे माझं बोलणं रंगापुरतं.

या चित्रात पांढरे तीन आहेत. खिडकीवरच्या पडद्याचा पांढरा, पाळण्यावरच्या जाळीचा पांढरा आणि आत बाळाच्या अंथरुणाचा पांढरा. तिन्ही एकमेकांना लागून. नवशिक्या विद्यार्थ्याला हे सांगितलं तर तो ट्यूबमधला पांढरा घेईल आणि सगळं खडूसारखं करून ठेवेल. मोरिसोने कुठेही कोरा पांढरा विस्ताराने वापरलेला नाही. खिडकीचा पडदा निळसर-राखाडीकडे झुकतो. जाळी कुठे गुलाबी, कुठे निळी. जाळीच्या कडेची गुलाबी पट्टी बघा, ती नसती तर जाळी कुठे संपते हेच कळलं नसतं.

आणि जाळीतून दिसणारं बाळ! पारदर्शक कापड रंगवायचं म्हणजे कापड रंगवायचंच नसतं. त्याच्या मागची वस्तू रंगवायची, पण तिचे गडद भाग थोडे उजळ करायचे आणि उजळ भाग थोडे खाली आणायचे. टोनमधलं अंतर कमी झालं की डोळा आपोआप मध्ये काहीतरी आहे असं समजतो. मग जिथे कापड दुमडतं तिथे, आणि कडेला, जाडसर रंगाचे मोजके फटकारे मारायचे. बाळाचा चेहरा आणि एद्माचा चेहरा शेजारी ठेवून पाहा. एद्माचे डोळे, भुवई, गळ्यातली रिबीन इथे गडद-उजळ फरक ठसठशीत आहे. बाळाच्या चेहऱ्यावर तो जवळजवळ पुसलेला आहे.

तळेगावकर, तुमच्या मुद्द्यावर एवढंच म्हणेन की चित्रातली सगळ्यात गडद जागा म्हणजे एद्माचा पोशाख आणि केस. बाकी सगळा उजेड. चित्रकाराने नजर कुठे थांबवायची ते ठरवलेलं आहे आणि ती बाळावर थांबवलेली नाही. हे सांगायला चरित्र लागत नाही.

रानजाई :

कुंचला, तीन पांढऱ्यांचा मुद्दा फार आवडला. जाळीतून बाळ इतकं हलकं का दिसतं ते आत्ता कळलं.

तळेगावकर, अन्यायाचा मुद्दा मला पटतो, पण उलट बाजूने. बर्थचं चरित्र आपण तिला छोटं करायला वापरतो तेव्हा अन्याय होतो. "बिचारीला घराबाहेर पडता येत नव्हतं म्हणून पाळणे रंगवले" असं म्हटलं की झालं. मी एद्माची गोष्ट सांगते ती चित्रात कोण कोणाकडे बघतंय हे कळावं म्हणून. बर्थसमोर भाड्याने आणलेली मॉडेल बसलेली असती तर मी ही गोष्ट काढलीच नसती.

शिवाय एक राहिलं. त्या पत्रव्यवहारात बर्थची उत्तरंही आहेत आणि त्यांनी गोष्ट गुंतागुंतीची होते. एद्मा कुरकुरते तेव्हा बर्थ तिला समजावते, नशिबाला दोष देऊ नकोस, एकटं असणं दुःखाचं असतं हे लक्षात ठेव. हे चित्र काढताना बर्थ एकतिसाव्या वर्षी अविवाहित होती. तिच्या वर्गात त्याचा किती बोभाटा होत असेल ते आपल्याला सांगायला नको. म्हणजे एकीकडे काम, दुसरीकडे घर, आणि प्रत्येकीला दुसरीकडचं हवं आहे. मोकळी बर्थ अडकलेल्या एद्माला रंगवतेय इतकं ते सोपं नाही.

पाऊलवाट :

मला चित्रकलेतलं कळत नाही. पण दोन मुलांना झोपवलेली बाई म्हणून लिहिते.

हा चेहरा मला अगदी ओळखीचा आहे. बाळ नुकतं झोपलेलं आहे. उठून जायचं आहे, पण आत्ताच हललं तर ते जागं होईल. त्यामुळे बसून राहायचं. त्या वेळात डोळे बाळावर असतात आणि डोकं कुठेही असतं. माझ्या डोक्यात तेव्हा ऑफिसातली अर्धी राहिलेली कामं असायची. मुलावर प्रेम कमी होतं म्हणून नव्हे. पहिल्यांदाच शांतता मिळायची म्हणून.

आणि पडद्यावरचा हात! त्या हाताला अजून काम आहे. माशी येईल, उजेड येईल, पडदा सरकवावा लागेल. एक हात विसावलेला आणि एक हात कामावर. हे मूल सांभाळणाऱ्या माणसालाच दिसतं, किंवा तिला फार जवळून बघणाऱ्याला.

मातृत्वाच्या बहुतेक चित्रांत आई बाळाला कवटाळून असते, दोघं एकमेकांकडे बघून हसत असतात. असे क्षण दिवसात किती? बाकीचा दिवस असा, पाळण्याच्या कडेला. कोणीतरी तो चित्र काढण्याजोगा मानला याचं मला फार बरं वाटलं.

जुनी_पेठ :

चर्चा छान चालू आहे. मी थोडी काळाची चौकट देतो.

मुलींना पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत, एकोल दे बोझारमध्ये, प्रवेश १८९७ मध्ये मिळाला. बर्थ १८९५ मध्ये गेली. म्हणजे तिच्या हयातीत ते दार उघडलंच नाही. नग्न मॉडेलवरून अभ्यास हा त्या शाळेचा कणा, आणि मोठ्या ऐतिहासिक-पौराणिक चित्रांना तोच लागायचा. खासगी शिक्षक आणि लूव्रमधल्या नकला एवढीच वाट उरायची. लूव्रमध्येही तरुण मुलींसोबत कोणीतरी वडीलधारं लागायचं. तिथेच १८६८ मध्ये फांतँ-लातूर या चित्रकाराने बर्थची चित्रकार एदुआर मानेशी ओळख करून दिली.

'पाळणा' लोकांसमोर आला तो १८७४ मध्ये. सालोंच्या निवड समितीला कंटाळलेल्या चित्रकारांनी स्वतःची सोसायटी काढली आणि बुलव्हार दे कापुसीनवर ३५ क्रमांकाच्या इमारतीत, छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत, १५ एप्रिल ते १५ मे असं प्रदर्शन भरवलं. तिकीट एक फ्रँक. महिन्याभरात सुमारे ३,५०० लोक आले, तेव्हाच्या सालोंच्या मानाने अगदीच किरकोळ. याच प्रदर्शनातल्या मोनेच्या सूर्योदयावरून समीक्षक लुई लरुआने 'ल शारिव्हारी' या विनोदी पत्रात खिल्ली उडवली आणि 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव चिकटलं.

सुमारे तीस चित्रकारांत बाई एकच, बर्थ मोरिसो. तिला चित्रकार देगाने बोलावलं होतं. मानेने स्वतः भाग घेतला नाही आणि तिनेही घेऊ नये असं त्याचं मत होतं. आणि आमचे गिशार! ते प्रदर्शन पाहून इतके हादरले की आईला पत्र लिहिलं. त्या वेड्यांच्या संगतीत राहून माणूस सुखरूप राहत नाही, मुलीने ही संगत सोडावी, लूव्रमध्ये कोरेज्जो या जुन्या इटालियन उस्तादाच्या चित्रापुढे जाऊन क्षमा मागावी, असा त्याचा आशय. ज्या मुलींबद्दल त्यांनी क्रांतीचं भाकीत केलं होतं, त्यांच्यातलीच एक ती करायला निघाली तेव्हा शिक्षकाला झेपलं नाही. बर्थने ऐकलं नाही. आठपैकी सात इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनांत ती होती. फक्त १८७९ चं चुकलं, मुलगी झाली होती म्हणून. इतकी सलग हजेरी मोने किंवा रन्वारचीही नाही.

निळी_खिडकी :

एक प्रश्न कोणी विचारला नाही म्हणून विचारते. या घरांत मुलं सांभाळायचं काम खरोखर कोण करत होतं?

मोरिसो घराणं श्रीमंत होतं. वडील प्रीफेक्ट, म्हणजे जिल्ह्याचे वरिष्ठ सरकारी अधिकारी होते. अशा घरांत स्वयंपाकीण, मोलकरीण आणि दूध पाजणारी दाई असायची. बर्थला स्वतःची मुलगी ज्युली १८७८ मध्ये झाली तेव्हा तिनेही दाई ठेवली. आणि त्या दाईचं, अँजेलचं, ज्युलीला पाजतानाचं चित्र काढलं. तेही बघाच. हिरवळीवर पांढऱ्या कपड्यातली बाई, कुशीत बाळ, आणि रंगाचे फटकारे इतके मोकळे की आकृती गवतात विरघळते आहे. लिंडा नॉकलिन या कलाभ्यासक बाईंनी त्याबद्दल लिहिलं आहे ते वाचल्यापासून ते चित्र माझ्या डोक्यातून जात नाही. दोन बायका समोरासमोर आहेत आणि दोघीही कामावर आहेत. एक पगार घेऊन दूध पाजते, दुसरी ते चित्र रंगवते. आणि पहिलीमुळे दुसरीला रंगवायला वेळ मिळतो.

मला 'पाळणा' आवडतं. पण घरगुती आयुष्याचं चित्र म्हणताना त्या घराच्या मागच्या खोलीत कोण होतं हे विसरायला नको. माझी आजी दुसऱ्यांच्या घरी मुलं सांभाळायची, म्हणून मला हे आधी दिसतं.

तळेगावकर :

निळी_खिडकी, हा प्रतिसाद वाचून मी दाईचं चित्र शोधून पाहिलं. तुम्ही म्हणता तशी माहिती नसती तर मी ते 'आई आणि बाळ' म्हणूनच पाहिलं असतं आणि चित्राचा निम्मा अर्थ हातातून गेला असता. म्हणजे चित्रकाराला आणि तिच्या वेळच्या बघणाऱ्यांना जे ठाऊक होतं ते आपल्यालाही ठाऊक असलं पाहिजे, एवढं मी मान्य करतो. दाईचा पोशाख, तिचं बागेत बसणं यावरून तेव्हाच्या पॅरिसकराला ते क्षणात कळत असणार. पण एद्मा चित्रकार होती हे १८७४ च्या प्रेक्षकाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिथे माझी अडचण कायम आहे.

सांजवारा :

उशिरा येतोय. गेली बरीच वर्षं पॅरिसजवळ राहतो, त्यामुळे हे चित्र आता जिथे आहे त्या ऑर्से संग्रहालयात जाणं होत असतं.

छापील चित्रांत आणि फोनवर हे चित्र बहुतेकदा पिवळट किंवा फार निळं येतं. समोर उभं राहिल्यावर जाणवतो तो गुलाबी. कुंचला यांनी म्हटलेली कडेची पट्टी आणि बाळाच्या गालाचा रंग एकमेकांना बोलावतात. आकार लहान असल्यामुळे दोन पावलांवर जावं लागतं आणि मग जाळीवरचे फटकारे सुटे सुटे दिसतात. थोडं मागे आलं की परत कापड होतं. मी शक्यतो सकाळी उघडताच वरच्या मजल्यावर जातो, नंतर मोने-रन्वारसाठी येणाऱ्या गर्दीत लहान चित्रांपुढे उभं राहायला मिळत नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात ऑर्सेमध्ये फक्त मोरिसोचं मोठं प्रदर्शन होतं. एकामागून एक खोल्यांत तिची घरं, आरसे, बागा, खिडक्या. खिडकी तर सतत. आतल्या माणसावर बाहेरचा उजेड येतो ती जागा तिने जन्मभर सोडली नाही. 'तिला बाहेर जाता येत नव्हतं' हे मला तिथे कुठेच जाणवलं नाही. लोरियाँचं बंदर तिने रंगवलं आहे, इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या खिडकीतून समुद्राकडे बघणारा नवरा रंगवला आहे. घर तिला लादलेलं नव्हतं असं मी म्हणणार नाही, कॅफेत आणि नाटकाच्या विंगेत जाऊन बसण्याची मुभा देगाला होती, तिला नव्हती. पण त्यात तिने जे शोधलं ते देगाला घरात शिरूनही सापडलं नसतं.

जुनी_पेठ :

देगाचा विषय निघालाच आहे म्हणून. घरकाम त्यानेही रंगवलं, इस्त्री करणाऱ्या बायकांचं त्याचं चित्र ऑर्सेतच आहे. एक इस्त्रीवर सगळा भार टाकून वाकलेली, दुसरी हातात बाटली धरून जांभई देणारी. काइबोत या चित्रकाराने १८७५ मध्ये लाकडी फरशी तासणारे कामगार रंगवले आणि सालोंने ते नाकारले. दोन्ही चित्रं मला प्रिय आहेत. पण दोन्हींत बघणारा आणि कष्ट करणारा यांत अंतर आहे. देगा इस्त्रीवाल्यांचं अंग कसं वाकतं ते बघतो. काइबोत वरून, उभ्याने बघतो. 'पाळणा'मध्ये बघणारीची नजर बसलेल्या एद्माच्या उंचीवर आहे. मला वाटतं सगळा फरक त्या उंचीत आहे.

रानजाई :

सांजवारा आणि जुनी_पेठ, मनापासून आभार. नजरेच्या उंचीचं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

चित्राचं पुढे काय झालं तेही सांगते. १८७४ मध्ये त्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. ज्या समीक्षकांनी पाहिलं त्यांनी त्याच्या नजाकतीचं कौतुक केलं. विकायचा प्रयत्न झाला, गिऱ्हाईक मिळालं नाही. मग बर्थने ते विक्रीतून काढून घेतलं आणि ते एद्माच्याच कुटुंबात राहिलं. लूव्रने ते १९३० मध्ये विकत घेतलं. तोवर जवळजवळ सहा दशकं होऊन गेली होती.

बर्थ विकली जात नव्हती असं मात्र नाही. मार्च १८७५ मध्ये द्रुओच्या लिलावघरात मोने, रन्वार, सिस्ले आणि बर्थ यांनी चित्रं विक्रीला काढली, लोकांनी इतका गोंधळ घातला की पोलीस बोलवावे लागले, आणि त्या दिवशीची सगळ्यात मोठी बोली ४८० फ्रँकची, बर्थच्या एका घरातल्याच दृश्याला. सरकारने तिचं चित्र घेतलं ते १८९४ मध्ये, कवी मालार्मेच्या खटपटीने. पुढच्याच वर्षी ज्युलीची सुश्रूषा करताना ती आजारी पडली आणि २ मार्च १८९५ ला न्यूमोनियाने गेली. वय ५४. मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसायाच्या जागी लिहिलं आहे : व्यवसाय नाही. पासीच्या दफनभूमीत तिच्या नावाखाली आहे : अजेन मानेची विधवा. अजेन म्हणजे तिचा नवरा, एदुआर मानेचा भाऊ. मोने, देगा आणि रन्वार यांनी वर्षभराने तिची जवळजवळ चारशे चित्रं गोळा करून, स्वतः भिंतींवर लावून प्रदर्शन भरवलं. तिच्या बरोबरच्यांना ती काय होती ते माहीत होतं. दाखला लिहिणाऱ्याला नव्हतं.

पाऊलवाट :

"व्यवसाय नाही" वाचून फार राग आला. चारशे चित्रं!

रानजाई, एद्माने नंतर खरंच काहीच काढलं नाही का?

रानजाई :

फार थोडं शिल्लक आहे तिचं. त्यातलं सगळ्यात ठळक म्हणजे साधारण १८६५ चं बर्थचं व्यक्तिचित्र. बर्थ उभी आहे, हातात ब्रश आणि पॅलेट, पूर्ण लक्ष समोरच्या कॅनव्हासवर, चेहऱ्यावर तांबूस उजेड. म्हणजे 'पाळणा'च्या सात वर्षं आधी एद्माने बर्थला रंगवलं आहे, आणि रंगवताना रंगवलं आहे. ही दोन्ही चित्रं शेजारी लावली पाहिजेत असं मला कायम वाटतं. ते व्यक्तिचित्र खासगी संग्रहात आहे, त्यामुळे क्वचितच बघायला मिळतं.

तळेगावकर, तुमची अडचण या चित्राने सुटते का बघा. एद्माची नजर किती पक्की होती त्याला पुरावा चरित्राचा नको, तिच्याच हातचं चित्र आहे.

कुंचला :

ते व्यक्तिचित्र मी पुनर्मुद्रणात पाहिलं आहे. गडद पार्श्वभूमी, चेहरा आणि हातावरच उजेड, जुन्या उस्तादांच्या नकला करून आलेली शिस्त. हात चांगला तयार होता. बर्थचाही तेव्हा तसाच असणार.

आणखी एक चित्र सुचवतो, कारण त्यातही एद्माच आहे. १८६९-७० चं 'चित्रकाराची आई आणि बहीण', वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत. काळ्या पोशाखातली आई मोठ्याने वाचतेय किंवा पुस्तकात बुडालीय, आणि मागे सोफ्यावर पांढऱ्या कपड्यात एद्मा, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. सालोंला पाठवायच्या आधी बर्थने मानेला मत विचारलं. तो आला, घागऱ्याच्या काठाला थोडा ब्रश लावला आणि मग थांबलाच नाही. वर सरकत सरकत आईची आकृती, डोकं, सगळं त्याने रंगवून टाकलं. संध्याकाळ झाली, गाडीवाला चित्र न्यायला दारात उभा, बर्थला काही करता आलं नाही. तिला इतकं वाईट वाटलं की चित्र नाकारलं गेलं तर बरं असं तिने लिहिलं आहे. ते स्वीकारलं गेलं आणि १८७० च्या सालोंमध्ये लागलं.

आजही त्या चित्रात दोन हात ओळखू येतात. आई मानेची, रुंद, सपाट, काळी, फटाफट मारलेली. एद्मा बर्थची, हळू हाताने, चेहऱ्याच्या छायेत हिरवट-राखाडी. मानेने तिला हात लावला नाही. माझ्या मते चित्रातला सगळ्यात चांगला भाग तोच आहे.

तळेगावकर :

दोन्ही चित्रं पाहिली. सोफ्यावरची एद्मा खाली बघते आहे, हातांकडे की मांडीकडे ते कळत नाही, आणि दोन वर्षांनी पाळण्याकडे बघणारी एद्मा. तोच चेहरा, तीच खाली गेलेली नजर. इथे मात्र मला कोणी सांगायची गरज पडली नाही. बर्थ या एका माणसाच्या चेहऱ्याचा माग काढत होती हे दोन कॅनव्हास शेजारी ठेवले की दिसतं. 'काम थांबल्याचं दुःख' इथपर्यंत मी अजून येत नाही. पण 'कोणतीही आई, कोणतंही बाळ' हे माझं पहिलं म्हणणं मागे घेतो. ही एद्माच आहे.

सांजवारा, अमेरिकेतल्या क्लीव्हलंड संग्रहालयात गवतात बसून वाचणाऱ्या बाईचं बर्थचं १८७३ चं चित्र आहे असं दिसलं. तीही एद्माच ना?

सांजवारा :

हो, एद्माच. तेही १८७४ च्या त्या पहिल्या प्रदर्शनात 'पाळणा'सोबत होतं. नेटवर क्लीव्हलंड संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात बघता येतं, फटकारे मोजता येतील इतकं मोठं करून. तिथे तिची नजर बाळावर नाही, पुस्तकावर आहे.

रानजाई :

मग पुढचा धागा त्याच चित्रावर काढूया. कुंचला, हिरव्यात पांढरा पोशाख कसा बसवलाय त्यावर तुम्हीच सुरुवात करा. निळी_खिडकी, दाईच्या चित्रावर तुम्ही स्वतंत्र लिहाच, ते प्रतिसादात मावणारं नाही.